सह्याद्रीत भटकताना झाडं, पक्षी, प्राणी कसे ओळखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करायची? झाडं, पक्षी, फुलपाखरं, साप असं सगळं एकदम शिकता येतं का?

येत नाही. सगळ्यालाच एकदम हात घातला की वर्षभरानेही काहीच पक्कं होत नाही. आमचा सल्ला विचाराल तर झाडांपासून सुरुवात करा. झाड उडून जात नाही, पुढच्या वेळी त्याच वळणावर भेटतं आणि आज चुकलेली ओळख तेव्हा दुरुस्त करता येते. शिवाय झाडं कळली की पक्षी आणि फुलपाखरं कुठे शोधायची हेही आपोआप कळायला लागतं. फेब्रुवारीत काटेसावर फुललेली दिसली की तिथे अर्धा तास बसावं, जंगलातले निम्मे पक्षी तिथे हजेरी लावून जातात.

पहिल्या वर्षात तीस झाडं, वीस पक्षी आणि चार विषारी साप एवढं पक्कं झालं तरी भरपूर आहे.

दर रविवारी नवा किल्ला करतो. तरी काही लक्षात राहत नाही. का?

दर रविवारी नवा किल्ला करता म्हणूनच. ओळख पक्की होते ती तेच झाड पान गळलेलं, पालवी फुटलेलं, फुललेलं आणि फळलेलं असं चारही अवस्थांत पाहिल्यावर. घराजवळची दोन-अडीच तासांची एकच वाट धरा. सिंहगड, माथेरान, लोहगड, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली एखादी पायवाट, काहीही चालेल. तीच वाट फेब्रुवारी-मार्च, मे अखेर, ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर अशी चार वेळा चाला. वेग निम्मा ठेवा. माथा गाठायची घाई असलेल्या गटाबरोबर गेलात तर समोरच्याच्या बुटाच्या टाचा तेवढ्या पाठ होतील.

झाड ओळखताना नेमकं काय बघायचं? आधी फूल की पान?

फूल वर्षातून पंधरा दिवस असतं, पान बहुतेक महिने असतं. म्हणून क्रम पानापासून लावा.

पहिली गोष्ट, पानं फांदीवर कशी बसलीत. एकाआड एक, समोरासमोर, की एकाच पेराभोवती गोल? सप्तपर्णीला एका पेरावर साधारण सात पानांचा वेढा असतो, एवढ्यावरूनही ती कळते. दुसरी गोष्ट, पान साधं की संयुक्त. इथे नवशिके हमखास फसतात, कारण चिंचेची किंवा बहाव्याची एक पर्णिका त्यांना अख्खं पान वाटते. खूण सोपी आहे. पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे बेचक्यात छोटी कळी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती नसते. कळी सापडली की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.

तिसरी गोष्ट चीक. गळून पडलेल्या ताज्या पानाचा देठ मोडून बघा. पांढरा चीक आणि समोरासमोर किंवा वेढ्यात पानं असली तर करवंद, कुडा, सप्तपर्णी या कण्हेरीच्या कुळाकडे वळा. पांढरा चीक आणि एकाआड एक पानं असतील, शिवाय फांदीच्या टोकाला टोकदार टोपीत गुंडाळलेली कळी असेल, तर वड, उंबर, पिंपळ हे भाऊबंद. चीक डोळ्यांच्या किंवा ओठांच्या जवळ नेऊ नका. हुरा, शेर यांसारख्या झाडांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

चौथी गोष्ट वास. जांभळाचं पान चुरगळलं की जांभळाचाच वास येतो. पाचवी खोड. फूल आणि फळ मिळालं तर उत्तमच, पण त्यांची वाट पाहत बसू नका.

झुडपं आणि रोपांसाठी आणखी दोन खुणा. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि चुरगळल्यावर वास असेल तर बहुधा तुळशीचं कूळ. समोरासमोर पानं, आणि दोन देठांच्या मधे खोडावर छोटंसं त्रिकोणी उपपर्ण असेल तर गेळा, कॉफी यांचं कूळ. अशी पाच-सहा कुळं हाताखालून गेली की नवं झाड दिसल्यावर ‘हे कुणाच्या घरातलं’ एवढं तरी सांगता येतं. नाव मागाहून येतं.

हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ सगळे सारखेच दिसतात. फरक कसा करायचा?

चौघंही टर्मिनॅलिया याच प्रजातीतले (जीनसमधले) आहेत, म्हणून सारखे दिसणारच. भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव भागात फिरणाऱ्यांनी हे चार आधी शिकून घ्यावेत.

हिरड्याच्या पानाचा देठ जिथे पानाला मिळतो तिथे भिंग लावा. देठावर दोन बारीक गाठी दिसतील, त्या ग्रंथी. फळ लांबट, वाळलं की त्यावर उभे कंगोरे उठतात. बेहड्याची पानं फांदीच्या टोकाला झुपक्याने येतात, देठ लांब असतो आणि फळ गोलसर, मखमली लव असलेलं. ऐनाची ओळख खोडावरून. साल काळपट आणि खोल उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनांत फुटलेली. त्याच्याही पानाला ग्रंथी असतात, पण त्या पानाच्या मागच्या बाजूला, देठाजवळ. हिरड्याच्या आणि ऐनाच्या ग्रंथींची अदलाबदल ही सर्रास होणारी चूक आहे. पान उलटून बघितलं की ती टळते. ऐनाच्या फळाला पाच सारखे पंख असतात. किंजळाच्या फळाला तीन, त्यातला एक मोठा आणि दोन लहान. कोकणात पावसाळ्यानंतर तांबूस फळांनी लगडलेलं झाड लांबून दिसलं तर किंजळाचा अंदाज बांधायला हरकत नाही.

अर्जुनही याच घरातला. साल गुळगुळीत, पांढुरकी, आणि झाड बहुधा ओढ्याकाठी.

जांभूळ आणि अंजनी यांत गोंधळ होतो.

महाबळेश्वर, माथेरानला दोन्ही शेजारी-शेजारी असतात. पान उजेडाकडे धरा. जांभळाच्या पानात बारीक, जवळजवळ शिरा दिसतात आणि पानाच्या कडेला समांतर धावणारी एक शीर त्या सगळ्यांना जोडते. अंजनीचं पान जाड, त्यात मधली शीर सोडली तर बाकीच्या जवळपास दिसतच नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंजनीच्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद चिकटलेले असतात, तेव्हा प्रश्नच उरत नाही.

कारवी दर सात वर्षांनी फुलते की आठ?

आपल्या डोंगरांवर सगळ्यात जास्त दिसणारी कारवी आठ वर्षांनी फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. पण सगळ्या डोंगरांचं वर्ष एकच नसतं. एखाद्या उतारावरची कारवी एक-दोन वर्षं पुढेमागे असते, शिवाय मधल्या वर्षांतही चुकार झुडपं फुलतात. त्यामुळे ‘यंदा कारवीचं वर्ष नाही’ असं कुणी सांगितलं तरी ऑगस्ट-सप्टेंबरात उतारांवर नजर ठेवा.

न फुललेली कारवी ओळखायची तर उतारावर दाटीने उभी असलेली, पुरुषभर किंवा त्याहून उंच झुडपं बघा. पानं मोठी, समोरासमोर, खरखरीत, कडेला दाते. फुलून बी धरलं की अख्खी कारवी वाळून जाते. पुढच्या उन्हाळ्यात तिची बोंडं तडकतात तेव्हा रानात तडतड ऐकू येते. याच काठ्यांवर माती लिंपून कुडाच्या भिंती होतात, त्यामुळे वाटेतल्या वाडीतही कारवी बघायला मिळेल.

कास पठारावर जाऊन फुलं ओळखायची आहेत. तयारी काय करावी?

हंगाम साधारण ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरचे पहिले दिवस. पाऊस लांबला की तोही सरकतो. दहा फुलं घरून पाठ करून जा: सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी, चवर, मिकी माउस म्हणून प्रसिद्ध असलेला कवला, दवबिंदू, आभाळी, कंदीलपुष्प आणि टोपली कारवी.

त्यातलं एक नीट बघा. सीतेची आसवं म्हणजे ओल्या कातळावर पसरलेली इवली निळी-जांभळी फुलं. पानं दिसत नाहीत म्हणून लोक पुढे जातात. त्याची खरी करामत चिखलाखाली आहे. तिथे सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्यात ओढले जातात. कातळावरच्या मातीत नायट्रोजन जवळपास नसतोच, म्हणून ही तजवीज. दवबिंदूही त्याच कारणासाठी किडे खातो, पण चिकट केसांनी, आणि ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. भिंग असेल तर केसाच्या टोकावरचा थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट दोन्ही बघा.

गेंदाच्या बाबतीत मात्र ‘गेंद’ एवढ्यावरच थांबा. त्याच्या अनेक जाती शेजारी-शेजारी उगवतात आणि त्यांतला फरक बियांच्या पृष्ठभागावर, सूक्ष्मदर्शकाखाली ठरतो. फोटोवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ते अ‍ॅप असो वा माणूस.

आणि कुंपणाच्या आत, फुलांवर आडवं पडून फोटो काढू नका. कातळावरची माती काही बोटं जाडीची असते. ती एका बुटाने निघून जाते आणि परत जमायला फार काळ लागतो.

फोटो काढून आणतो, पण तज्ज्ञ म्हणतात ‘यावरून सांगता येत नाही’. फोटो कसा काढायचा?

फुलाचा एकच सुंदर, मागचं सगळं धूसर केलेला फोटो ओळखीसाठी कुचकामी असतो. वनस्पतीचे किमान सहा फोटो काढा: पूर्ण झाड किंवा रोप, फांदीवर पानं कशी बसलीत ते, पान वरून आणि उलटून, फूल समोरून, फूल बाजूने, म्हणजे मागचा निदलपुंज आणि तेरड्यासारखी सोंड असेल तर तीही दिसेल, फळ किंवा साल. एका फोटोत नाणं किंवा बोट ठेवा म्हणजे आकार कळतो. फोनमधलं स्थान चालू ठेवा. गाव आणि वस्तीचा प्रकार, म्हणजे कातळ, ओढा, दाट रान, पडीक शेत यांपैकी काय, एवढी नोंद वहीत हवीच.

पक्ष्याच्या बाबतीत उलट. धूसर असला तरी चालेल, पण उडताना एक, बसलेला एक, आणि आवाजाचं वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग.

अ‍ॅपवर किती भरवसा ठेवायचा?

आयनॅचरलिस्ट, सीक, प्लँटनेट, पक्ष्यांसाठी मर्लिन ही सगळी उपयोगी आहेत. कूळ किंवा प्रजाती सुचवायला ती बरी पडतात, जातीच्या पातळीवर मात्र वारंवार चुकतात. ज्या जातींचे फोटो जगभर ढिगाने आहेत तिकडे त्यांचा ओढा असतो, आणि सह्याद्रीपुरत्या जाती मागे पडतात. म्हणून सुचवलेल्या नावाला लगेच ‘हो’ म्हणू नका. ती जात आपल्या भागात आढळते का ते नकाशावर तपासा. आयनॅचरलिस्टवर ‘रिसर्च ग्रेड’ मिळालं म्हणजे मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचं एकमत झालं, एवढाच त्याचा अर्थ. दोघांनी डोळे झाकून अ‍ॅपचीच री ओढली असेल तर चुकीच्या नावालाही तो शिक्का बसतो.

मर्लिन आवाजावरून पक्षी सुचवतं. गडावर रेंज नसते, म्हणून भारताचा पॅक घरीच उतरवून घ्या. वारा आणि धबधबा जवळ असेल तर ते गोंधळतं. आणि भृंगराज कोतवाल! हा दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. अ‍ॅपने एका झाडावरून ओळीने सहा पक्षी ऐकवले तर वर भृंगराज बसला आहे का ते आधी बघा.

दुर्बीण, भिंग यांतलं काय घ्यावं?

दुर्बीण ८ बाय ४२. दहापट घेण्याचा मोह होतो, पण चढून आल्यावर धापा टाकत असताना ती हातात स्थिर राहत नाही आणि दाट रानात पक्षी तिच्या चौकटीत सापडत नाही. सह्याद्रीचा पावसाळा असल्याने जलरोधक असेल तीच घ्या, नाहीतर आतून धुकं धरतं.

भिंग दहापट, घडीचं. ते वापरायची पद्धत निम्म्या लोकांना माहीत नसते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि वस्तू हळूहळू त्याच्याकडे आणा, दोन-अडीच सेंटिमीटरवर ती स्पष्ट होते. हात लांब करून भिंगातून बघितलं तर काहीच दिसणार नाही.

पक्षी आवाजावरून शिकायचे तर कुठले पहिले?

रानात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. तांबट एका लयीत ‘टुक टुक टुक’ करत राहतो. त्याचाच मोठा भाऊबंद कुटुर्गा ‘कुटर्र, कुटर्र’ असं लांबवर ऐकू येईल इतक्या जोरात ओरडतो. पावसाळ्यात पहाटे ओढ्याजवळ माणसाने शीळ घालावी तशी स्वैर, न संपणारी धून ऐकू आली तर तो शीळकरी कस्तुर. मे अखेरीपासून जुलैपर्यंत दोन स्वरांची शीळ जमिनीलगतच्या झाडोऱ्यातून आली तर नवरंग. तो पावसाच्या तोंडावर घरट्यासाठी आपल्याकडे येतो. आकाशातून लांबवलेली तीन-चार सुरांची किंकाळी आली तर वर बघा, सर्पगरुड असेल.

कड्यांवर घिरट्या घालणाऱ्या प्रत्येकाला ‘गरुड’ म्हणायची सवय सोडा. शेपटी मधे खाचलेली असेल तर घार. पंखांच्या खालच्या कडेला रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवरही तसाच असेल तर सर्पगरुड. आकाराने प्रचंड, शेपटी आखूड, मान बारीक, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली असतील तर गिधाड. लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यात कड्यांच्या कपारीत अंडी घालतात. कड्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले तर त्या भागात मोठ्याने बोलू नका, कड्यावरून दगड ढकलू नका, ड्रोन तर नकोच.

शेकरू बघायचं आहे. शोधायचं कसं?

शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि भीमाशंकर अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं. खाली बघत चाललात तर दिसणार नाही, कारण तो जमिनीवर क्वचित येतो. उंच झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यात पानं-काटक्यांचे मोठे गोळे दिसतील, ती त्याची घरटी. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहे असं नाही. सकाळी सात ते दहा आणि दुपारी चारनंतर तो खायला बाहेर पडतो. झाडाखाली फळांचे ताजे कुरतडलेले तुकडे पडत असतील तर तिथेच उभे राहा. धोका वाटला की तो फांदीवर लांब आडवा पडतो आणि हलत नाही. तेव्हा शेपटी खाली लोंबते, ती शोधा.

प्राणी दिसत नाहीत, पण खुणा दिसतात. पंजा बिबट्याचा की कुत्र्याचा?

डिसेंबर ते मार्च, वाटेवरच्या फुफाट्यात हे शिकायला सोपं जातं. पहिला प्रश्न नखांचा. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढतात, म्हणून बिबट्याच्या पंजात नखांच्या खुणा नसतात. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या उमटतात. दुसरा प्रश्न मागच्या गादीचा. बिबट्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. बोटं गोलसर आणि थोडी तिरकी, एका बाजूला झुकलेली. रुंदी साधारण सात-आठ सेंटिमीटर. तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून स्पष्टपणे मोठा असतो.

चिखलात पंजा पसरतो आणि खरा आहे त्याहून मोठा दिसतो. ‘वाघाचा पंजा सापडला’ असे जे फोटो फिरतात त्यांतले बरेच ओल्या चिखलातले असतात. कठीण मातीवर बारीक धूळ असेल तिथलं माप धरा. फोटो सरळ वरून, शेजारी पट्टी ठेवून.

दगडावर मुद्दाम ठेवल्यासारखी, बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर बहुधा उदमांजर. केस आणि हाडांचे तुकडे असलेली, पीळ पडलेली विष्ठा मांसाहारी प्राण्याची, पण तेवढ्यावरून बिबट्या म्हणू नका. कुत्र्यांची आणि तरसाचीही फसवते. काळे-पांढरे काटे साळिंदराचे. रात्री एकटाच कुत्रा खोल रानात ठरावीक अंतराने भुंकतोय असं वाटलं तर ते भेकर. त्याचं भुंकणं बराच वेळ चाललं तर आसपास बिबट्या फिरत असण्याची शक्यता धरा आणि तंबूतून एकट्याने बाहेर पडू नका.

विषारी साप ओळखायला शिकणं खरंच गरजेचं आहे का? सरळ लांब राहिलं तर?

लांब राहणं हाच नियम. ओळख शिकायची ती दोन कारणांसाठी: बिनविषारी साप भीतीपोटी मारले जाऊ नयेत, आणि कुठे हात-पाय घालायचा नाही ते कळावं. चावल्यावर ओळख पटवत बसण्यासाठी नव्हे.

घोणस: जाड अंग, पाठीवर तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. वाळल्या पानांत तो दिसत नाही.

फुरसे: वीतभर ते दीड-दोन फूट, डोक्यावर बाणासारखी खूण, वेटोळं करून अंगावर अंग घासून खरखर आवाज करतं. कोकणातले कातळसडे आणि दगडांचे ढीग ही त्याची जागा. लहान म्हणून लोक हलक्यात घेतात. इथेच घात होतो.

मण्यार: काळाभोर, चकचकीत, अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या, शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे फिकट होत जाणाऱ्या. बिनविषारी कवड्या याच्या उलट: त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात, रंग तपकिरीकडे झुकलेला. पण अंधारात, टॉर्चच्या उजेडात हा फरक दोनदा तपासायच्या भानगडीत पडू नका. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश दुखत नाही म्हटलं तरी चालेल. मंदिरात किंवा गुहेत जमिनीवर उघड्यावर झोपणाऱ्या ट्रेकर्सना खरा धोका तिचाच. चेन बंद होणारा तंबू किंवा कडा नीट खोचलेली मच्छरदाणी वापरा.

नाग: फणा काढला तरच कळतो, आणि दरवेळी तो काढत नाही. मोठे डोळे आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा दिसल्या तर ती धामण.

या चौघांशिवाय पावसाळ्यात कारवीत आणि ओढ्याकाठच्या झुडपांवर हिरवा, त्रिकोणी डोक्याचा चापडा असतो. तो तासन्‌तास हलत नाही. उतरताना आधाराला फांदी धरण्याआधी ती बघा. हरणटोळही हिरवाच, पण सडपातळ, तोंड लांब निमुळतं. तो डोक्यावरच दंश करतो ही निव्वळ समजूत आहे.

साप चावला तर?

चावलेला अवयव लाकडी पट्टी किंवा ट्रेकिंग पोलने आधार देऊन हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या-घड्याळ काढा, माणसाला चालायला न लावता उचलून खाली न्या, १०८ ला फोन करा. घट्ट बांधणं, चिरा देणं, रक्त शोषणं, यातलं काहीही करू नका. सापाला पकडू किंवा मारू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या. आपल्याकडची प्रतिविष लस वरच्या चारही सापांवर एकत्रच चालते, त्यामुळे साप कुठला हे कळण्यासाठी वेळ घालवायची गरज नाही. मण्यारीच्या दंशाची खूण कधी कधी दिसतही नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणं, गिळायला त्रास असं काही जाणवलं तर दंशाची खूण शोधत न बसता रुग्णालय गाठा.

गडावर मधमाश्या उठल्याच्या बातम्या येतात. पोळं कसं ओळखायचं?

आग्या मोहोळ म्हणजे कड्याखाली, दरवाज्याच्या कमानीत किंवा उंच झाडाच्या फांदीला उघड्यावर लटकलेलं एकाच पडद्याचं मोठं पोळं, कधी मीटरभर रुंद. दुरून काळपट डाग दिसतो आणि तो माश्यांच्या थराचा असतो. त्या थरावरून चमकती लाट सरकताना दिसली तर माश्या सावध झाल्या आहेत. आवाज न करता मागे फिरा. फांदीभोवती बांधलेलं तळहाताएवढं पोळं फुलोरी माशीचं, आणि झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत लपलेलं बहुधा सातेरीचं. त्यांचा एवढा धोका नाही.

माश्या उठतात त्या धुराने, अत्तर-डिओच्या उग्र वासाने, दगड मारल्याने आणि कधी शिकारी पक्ष्याने पोळ्यावर झडप घातल्याने. एक माशी चावली की डंखातून सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो, म्हणून हात झटकत उभं राहणं सगळ्यात वाईट. डोकं-तोंड कापडाने झाका आणि सरळ पळा, बंद खोली किंवा गाडी मिळेपर्यंत. टाक्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. सुटल्यावर नांग्या नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा पुष्कळ डंख असले तर डॉक्टरकडे जायलाच हवं.

कुठल्या वनस्पतींना हात लावू नये?

खाजकुयली: वेल, पावसाळ्यानंतर तिच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमली लव येते. ती अंगाला लागली की खाज असह्य होते. चोळू नका, चोळल्याने केस आत जातात. चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा. बिब्बा: फळाच्या रसाने कातडीवर फोड येतात. कळलावी: पानाच्या टोकाला वळलेला तणावा आणि लाल-पिवळं फूल. तिच्या सगळ्याच भागात, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असतं.

रानभाज्या ओळखून तिथेच खाता येतील का?

फोटो किंवा अ‍ॅपच्या भरवशावर कधीच नाही. शेवळं बघा. पहिल्या पावसात बाजारात येतात, चवीला उत्तम, पण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. काकडाच्या आंबट फळांबरोबर नीट शिजवली नाहीत तर घसा धरतो. भाजी ओळखणं एक आणि ती कशी शिजवायची हे माहीत असणं दुसरं. हे ज्ञान वाडीतल्या मावशींकडे असतं. त्यांच्याकडून विकत घ्या, पाककृतीही विचारून घ्या. अळंब्यांना तर हातच लावू नका.

वाटेवर दिसतं ते सगळं इथलंच असतं का?

नाही. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, शोभेतून पसरलेला कॉसमॉस ही सगळी अमेरिका खंडातली. जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळून गुलाबी फुलांनी भरलेली झाडं डोंगरउतारावर ओळीने दिसली तर ती गिरिपुष्पाची, लावलेली. त्यांचे सुंदर फोटो ‘सह्याद्रीचा बहर’ म्हणून फिरतात.

नोंद टाकताना ठिकाण सांगावं का?

सामान्य जातीचं जरूर. आमरी (ऑर्किड), कंदीलपुष्प, गिधाडाचं घरटं, चापडा किंवा घोरपड यांचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. गोळा करणारे आणि फोटोसाठी फांद्या मोडणारे दोघेही तिथूनच पत्ता घेतात. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करायची सोय आहे. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना अशा अभयारण्यांत रोप उपटणं किंवा साळिंदराचे काटे, शिंगं घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग होऊ शकतो.

नवीन जात आपल्याला सापडू शकते का?

सापडू शकते, पण तशी आशा धरून फिरू नका. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा निळ्या गळपंख्याचा सरडा पवनचक्क्यांच्या सावलीत, कित्येकांच्या नजरेसमोर होता. त्याचं वेगळी जात म्हणून वर्णन २०१६ साली झालं. काही खरंच वेगळं वाटलं तर उपटू नका. वर सांगितलेले फोटो आणि तारीख घेऊन पुण्यातली आघारकर संशोधन संस्था किंवा मुंबईतली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) यांच्याकडे विचारा. बीएनएचएसची निसर्गशिबिरंही असतात.

इथे शिकलेलं हिमालयात उपयोगी पडतं का?

जाती बदलतात, कुळं पुष्कळशी तीच राहतात. जुलै-ऑगस्टात उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सना तिथला माणसाएवढा उंच गुलाबी तेरडा भेटतो. मागची सोंड आणि हात लागताच फुटणारी शेंग बघितली की कूळ लगेच कळतं. मात्र बुरांश, देवदार, निळी खसखस यांच्यासाठी हिमालयाचंच क्षेत्रपुस्तक लागेल. सह्याद्रीचं नेलंत तर ओझंच.